मॅडम, मामाचा नंबर घेतलाय

मॅडम,

हॉस्पिटलच्या अंकासाठी तुमच्याबद्दल थोडं लिहून दे, असं मला सांगितलंय. लिहायला बसलो तर पहिल्याच वाक्यात 'त्या' आलं. 'त्या अत्यंत शिस्तप्रिय होत्या.' वाचल्यावर वाटलं, आता तुम्ही मागून डोकावून विचाराल, "ही कोण बाई? मी नाही ओळखत हिला." मग ते खोडलं. तुमच्याशी बोलल्यासारखंच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

तुम्ही म्हणायचात, वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहावं. म्हणून आधी आपल्या बँकेचं सांगतो. आपली बँक म्हणजे प्रसूती विभागाशेजारची एक खोली. पोटात बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं, तिचं आतलं पातळ अस्तर बाळंतपणात वारेबरोबर बाहेर पडतं आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं. ते आईच्या परवानगीने घ्यायचं, सोडवायचं, धुवायचं, सुकवायचं, पाकिटात बंद करून किरणांनी निर्जंतुक करून आणायचं. भाजलेल्या जखमेवर ते लावलं की चिकटून बसतं, वेदना कमी होतात, आणि रोज पट्टी ओढून काढताना जी कातडी सोलल्यासारखी आग होते ती टळते. बाहेरून मागवलेलं असं पाकीट आपल्याकडच्या पेशंटला झेपत नाही. तुम्ही नोकरीच्या सुरुवातीला भाजलेल्यांना केळीची पानं बांधलेली आहेत. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, तुम्ही डोंबिवलीहून रोज कल्याणला येऊन ही खोली उभी केलीत.

पहिल्या दिवशी मी दारातच उभा होतो. कॉलेजने प्रोजेक्टसाठी पाठवलेलं, पण आत यायला सांगितल्याशिवाय कसं जायचं, म्हणून थांबलेलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आत ये किंवा बाहेर जा. मध्ये उभा राहिलास की धूळ येते." मी आत आलो. तुम्ही चिमट्याने काहीतरी उचलून खिडकीच्या उजेडात धरलं होतं. उकडलेल्या अंड्याच्या टरफलाखाली पापुद्रा असतो तसं, पण त्याहूनही पातळ. त्याच्यातून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे दिसत होते. "हे बघ," तुम्ही म्हणालात, "नऊ महिने एवढ्यावर निभावलं सगळं." तुम्ही वयाने माझ्या आजीएवढ्या, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू ते तुम्हीही पहिल्यांदाच बघताय.

मी मोहन्याचा. पप्पा शहाड स्टेशनला रिक्षा लावतात, आई शाळेत खिचडी शिजवते. बारावीच्या पुढे गेलेला आमच्या घरात मीच पहिला. हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जरा आवाज खाली करून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं. सतराचा पाढा येतो का?" हात धुताना सतराचा पाढा पूर्ण म्हणायचा, हा तुमचा नियम. त्याआधी नळ बंद करायचा नाही. मी 'सतरा साते'ला अडखळायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. रेश्माताई, आपल्या टेक्निशियन, हसून म्हणायच्या, "सुमेधचे हात या हॉस्पिटलमध्ये सगळ्यात स्वच्छ. पाढाच येत नाही त्याला." आता येतो, मॅडम. आता मुद्दाम सावकाश म्हणतो.

घरी आईला कामाचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसेच ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. माझी वार आजीने चाळीमागच्या लिंबाखाली खड्डा करून पुरली होती, वर दगड ठेवला होता, कुत्र्याने उकरू नये म्हणून. आणि मी लोकांच्या वारेला हात लावतोय, हे तिच्या पचनी पडेना. हे मी तुम्हाला हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. ज्या घरात वार पुरायची पद्धत आहे तिथे तुम्ही कधी शब्द वाढवला नाहीत. सासूबाई नको म्हणाल्या की तुम्ही "ठीक आहे हो" म्हणून पुढच्या खाटेकडे जायचात, आणि त्या बाईची विचारपूस आधीसारखीच करायचात. मला ते पटायचं नाही. शिकलेल्या माणसाने समजावून सांगायला नको का, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "वाद घालून जिंकलेली वार मला नको. उद्या तीच बाई दहा जणींना सांगेल की तिथे जबरदस्ती करतात." यावर आपलं कधी एकमत झालं नाही. मला अजूनही वाटतं, थोडं तरी समजवायला हवं होतं. पण आता माझी वेळ येते तेव्हा माझ्याही तोंडून "ठीक आहे हो" असंच निघतं.

आपलं खरं अडलं ते दुसऱ्या रक्ततपासणीपाशी. बाळंतपणाच्या वेळी आईचं रक्त तपासायचं आणि सहा महिने झाल्यावर पुन्हा एकदा, कारण काही आजार पहिल्या तपासणीत लपून राहू शकतात. तोपर्यंत तिचं पाकीट लाल पट्टीच्या कप्प्यात. दुसरी तपासणी चांगली आली की हिरव्या पट्टीच्या कप्प्यात, आणि तिथून पेशंटला. बाहेरच्या देशांच्या पुस्तकात असंच होतं आणि तुम्ही ते तसंच लावलं होतं. लाल कप्पा भरत गेला. हिरवा रिकामाच राहिला.

फोन करायचं काम माझं. "मी बँकेतून बोलतोय" म्हटलं की लोक "लोन नको" म्हणून फोन कापायचे. तुम्ही शिकवलंत, आधी स्वतःचं नाव सांग, मग हॉस्पिटलचं, बँक शेवटी. तरी उपयोग झाला नाही. फोन लागायचा तो मुलीच्या माहेरी. ती तर कधीच सासरी गेलेली. कुणी साताऱ्याला, कुणी चिपळूणला, कुणी इथेच विठ्ठलवाडीला, पण सासरचा नंबर द्यायला माहेरचे बिचकायचे. एका ठिकाणी मिळाला, तर सासूबाईंनी उचलला. एक पोरगा त्यांच्या सुनेला रक्त द्यायला बोलावतोय म्हटल्यावर त्यांनी जे मला ऐकवलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग फॉर्मची फाईल पुढे ओढलीत.

"अरे," तुम्ही म्हणालात, "पहिलं बाळंतपण माहेरी. मी स्वतः माहेरी आले होते बाळंतपणाला. तिसऱ्या महिन्यात परत गेले. आणि इथे मी पत्ता लिहून घेतलाय माहेरचा."

रेश्माताई म्हणाल्या, "मॅडम, पोरी गेल्या सासरी, पाकिटं राहिली माहेरी."

या गोष्टीसाठी तुम्हाला कुणी काही बोललं नसतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या देशात बाई बाळंतपणाआधी जिथे राहते तिथेच नंतर राहते, त्यांना हे सुचायचं कारण नव्हतं. पण तुम्ही ती पहिली सगळी पाकिटं, ज्यांच्या आयांचा पत्ता लागला नाही ती, कप्प्यातून काढलीत आणि स्वतःच्या हाताने पिवळ्या पिशवीत टाकलीत. मला हात लावू दिला नाहीत. काम झाल्यावर म्हणालात, चहा पिऊ. कँटीनमध्ये तुम्ही चहा घेतलाच नाहीत, कप नुसता हातात धरून बसलात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी एका रविवारची सुट्टी मागितली. ताईच्या मुलाचं उष्टावण होतं. मामाने पहिला घास भरवायचा असतो, आणि मामा मीच, तर मला जाणं भाग होतं. तुम्ही विचारलंत, केवढं झालं बाळ. मी म्हटलं, सहावा संपला. तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत.

"म्हणजे सहा महिन्यांनी मामा येतो," तुम्ही म्हणालात. "कुठेही असलं बाळ, तरी मामा येतो."

"यावंच लागतं. नाही आला तर आयुष्यभर ऐकावं लागतं."

"आणि मामाला तारीख आधी कळते."

"त्याला विचारूनच ठरवतात ना, मॅडम."

तुम्ही मला सुट्टी दिलीत आणि त्याच दुपारी आपल्या फॉर्मवर एक नवी ओळ आली, मामाचा मोबाईल. जगात दुसऱ्या कुठल्या टिश्यू बँकेच्या फॉर्मवर ही ओळ असेल असं मला वाटत नाही. सख्खा मामा नसेल तर मावसमामा, मानलेला मामा, कुणीतरी असतोच.

तिथून माझं काम सोपं झालं. मामा बहुतेक माझ्याच वयाचे. कुणी डिलिव्हरीचं काम करतो, कुणी मोबाईलच्या दुकानात बसतो. आंबिवलीचा एक रोशन होता, त्याने मला सरळच विचारलं, "भाई, खरं सांग, ताईला काय आजार तर नाय ना निघाला?" मी म्हटलं, नाही रे, ताई चांगली आहे म्हणूनच तर घेतलं, आता फक्त परत एकदा बघायचंय. त्यावर तो म्हणाला, "मग ठीक आहे. उष्टावणाला ये, जेवून पण जा." तुम्ही हे ऐकून खूश झालात, पण लगेच विचारलंत, मुलगा की मुलगी? कारण मुलाचं उष्टावण सहावा भरल्यावर किंवा आठव्या महिन्यात करतात आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्या. पाचव्यात केलं तर आपल्या उपयोगाचं नाही. मग मुलींच्या मामांना तुम्ही स्वतः फोन करायचात आणि सातवा महिना कसा जास्त चांगला ते सांगायचात. एवढ्या शिकलेल्या बाई मुहूर्ताच्या गोष्टी करतात म्हणून रेश्माताई तोंड फिरवून हसायच्या.

आता जे लिहायचंय तिथे माझं पेन अडतंय.

उल्हासनगरच्या एका फरसाणच्या कारखान्यात कढई कलंडली आणि तिथे काम करणाऱ्या बाईचे दोन्ही हात आणि मान भाजली. आपल्याच हॉस्पिटलमध्ये आणलं तिला. हिरव्या कप्प्यात तेव्हा काहीच नव्हतं, पहिली उष्टावणं अजून यायची होती. लाल कप्प्यात पाकिटं होती. सगळ्यात जुनं रोशनच्या ताईचं. पहिली तपासणी स्वच्छ, फक्त सहा महिने भरायचे होते. सकाळी त्या बाईची पट्टी बदलायचे तेव्हा आपल्या खोलीपर्यंत आवाज यायचा. मी दार लावायचो. तुम्ही उठून ते उघडायचात आणि पुन्हा कामाला लागायचात.

तिसऱ्या सकाळी मी तुमच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मी कधी तुमच्याशी मोठ्याने बोललो नव्हतो. म्हटलं, मॅडम, ते पाकीट द्या. किरणांनी निर्जंतुक केलेलंच आहे ना.

"जंतूंचं मी छातीवर हात ठेवून सांगेन. सगळ्या विषाणूंचं नाही सांगू शकत."

"पण ताई चांगली आहे. मी बोललोय तिच्या भावाशी."

"भाऊ म्हणजे तपासणी नाही, सुमेध."

मग मी ते बोललो. "तुमची मुलगी असती तिथे, तर?"

तुम्ही रागावला नाहीत. चष्मा काढून ठेवलात. "तर मी किल्ली तुझ्याकडे दिली असती आणि बाहेर जाऊन बसले असते. आणि तू कप्पा उघडला नसतास, असं मला वाटतं." मग म्हणालात, "त्या बाईला आपण फुकट देणार आहोत. फुकट मिळणारं कमी तपासलेलं चालतं, असं तिला कुणी विचारलंय का? गरिबांना आयुष्यभर हेच मिळतं. रेशनवर, दवाखान्यात, सगळीकडे. मी ही खोली त्यासाठी नाही काढली."

मी बाहेर आलो. नंतर कितीतरी दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोललो. तुम्ही मात्र नेहमीसारख्याच. माझ्या डब्यातली आईची भाकरी मोडून घ्यायचात आणि तिच्या हाताचं कौतुक करायचात. ती बाई वाचली. तिच्या मांडीची कातडी काढून हातांवर लावली. घरी जाताना बोटं पूर्ण वळत नव्हती. ती तुम्हाला भेटायला आली, तुम्ही तिचे हात हातात घेतलेत आणि बोटांचे व्यायाम करून दाखवलेत. ती गेल्यावर माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता काही बोलाल. तुम्हालाही वाटलं असेल, हा काही बोलेल. मग रेश्माताई काहीतरी विचारायला आल्या.

आणि मग एका सकाळी डोंबिवलीहून तुमच्या भावाचा फोन आला.

रोशनच्या भाच्याचं उष्टावण तुम्ही गेल्यानंतरच्या रविवारी होतं. त्याने फोन करून विचारलं, येताय ना. मी आणि रेश्माताई गेलो. टिटवाळ्याला दोन खोल्यांचं घर, दारात चपलांचा ढीग. ताईने आतल्या खोलीत रक्त दिलं, शेजारी सासूबाई बसून होत्या आणि सुई टोचताना त्यांनीच डोळे मिटले. बाहेर रोशनने बाळाला मांडीवर घेऊन खिरीचं बोट लावलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि मग बोट सोडेना. सगळे हसले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुणीतरी विचारलं, मोठ्या मॅडम नाही आल्या का? रोशन म्हणाला, त्या मागून 'मुलगा की मुलगी' विचारणाऱ्या ना, फोनवर त्यांचा आवाज ऐकलेला मी. मी सांगितलं, त्या गेल्या. सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक पुरी टाकली.

तपासणी चांगली आली, मॅडम. तेव्हाही ते पाकीट चांगलंच होतं. त्या फरसाणवाल्या बाईला लावलं असतं तर काही झालं नसतं, आणि त्या सकाळी ती तेवढी ओरडली नसती. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी खूप वेळ तुमच्या टेबलाशी बसून होतो. आपल्या भांडणात मी बरोबर निघालो होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. मला ते बरोबर असणं नकोही होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आज कळलं, त्या दिवशी कुठे कळलं होतं?" हे मला मान्य आहे. आणि तिची न वळणारी बोटंही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. या दोन्हींचं काय करायचं ते तुम्ही मला शिकवलं नाहीत. कदाचित तुम्हालाही येत नसेल. चष्मा काढून ठेवलेला तुमचा तो चेहरा आठवला की तसंच वाटतं.

रोशनच्या ताईचं पाकीट मी हिरव्या कप्प्यात ठेवलं. आपलं पहिलं. रेश्माताईंनी फोटो काढला आणि तो कुणाला पाठवायचा ते कळेना म्हणून मोबाईल पर्समध्ये टाकला.

परवा एक मुलगी आली, शाळेतही न जाणारी अजून. चहाचं पातेलं ओढून घेतलेलं, छाती आणि पोट भाजलेलं. वडील मोहन्याचेच, आमच्या पुढच्या गल्लीतले, बिगारी काम करतात. डॉक्टरांनी आपलं पाकीट मागवलं. मी घेऊन गेलो आणि तिथेच थांबलो. डॉक्टरांनी ते जखमेवर पसरलं, बोटाने अलगद बुडबुडे बाहेर काढले, वर साधी पट्टी बांधली. काल सकाळी वरची पट्टी उघडली तेव्हाही मी होतो. अस्तर जागच्या जागी बसलं होतं. मुलगी वडिलांच्या मोबाईलवर कार्टून बघत होती. पट्टी सुटताना तिने एकदा खाली पाहिलं आणि परत मोबाईलमध्ये गेली.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. वडील माझ्याजवळ आले. मला ओळखत होते, तरी मला 'सर' म्हणाले. हे दुसऱ्याच्या अंगातलं आहे असं सिस्टरने सांगितलं, म्हणाले. मी हो म्हटलं, एका बाळाच्या आईने दिलंय. ते मुलीकडे जायला वळले आणि परत फिरले. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारावं की नाही कळत नव्हतं. असं दारात अडकून राहणं मला चांगलं ठाऊक आहे.

शेवटी म्हणाले, "फुकटचं आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. नीट तपासलेलं आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

मी हे त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो, मॅडम. त्यांनी मान हलवली, मुलीच्या उशाशी जाऊन बसले, आणि तिच्याबरोबर कार्टून बघायला लागले.

तुमचा,
सुमेध